एसटीची पहिली पायरी

सटाण्याची एसटी फलाटाला लागली होती. मी दाराशी पोचले, डाव्या हाताने दांडा धरला, उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि अंग वर उचलायला गेले. अंग उचललंच गेलं नाही. पाय पायरीवर, हात दांड्यावर, आणि बाकीची मी खाली फलाटावर. पाय बदलून बघितला. डावाही तसाच.

"आजी, चढा ना लवकर," मागून कुणीतरी म्हणालं.

मला साठ पूर्ण होऊन वर्षच झालं होतं. केस काळे करायचे मी कधीच सोडले होते, त्यामुळे 'आजी' हा शब्द काही मनाला लागला नाही. लागलं ते त्याच्या पुढचं. कंडक्टरने वरून माझं मनगट धरलं, मागच्या माणसाने खांद्याने रेटा दिला आणि पोतं चढवावं तशी मी गाडीत चढवली गेले. निऱ्या पायरीच्या पत्र्यात अडकून टरकन फाटल्या. जागा मिळाली तशी मी खिडकीला डोकं लावून बसले आणि पिंपळगाव येईपर्यंत आत कुणाकडे बघितलं नाही.

त्या दिवशी मी आक्काच्या नातवाच्या बारशाला चालले होते. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघी सटाण्याजवळच्या एका खेड्यात वाढलो. तिचं लग्न शेजारच्याच गावात, कांदा पिकवणाऱ्या घरात झालं. मी डी.एड. केलं, लग्न होऊन नाशकात आले आणि निवृत्त होईपर्यंत एका प्राथमिक शाळेत शिकवलं. संसार, शाळा, मुलांच्या परीक्षा या सगळ्यातून माझी एक गोष्ट मी कधी सोडली नव्हती. मनात आलं की पिशवी उचलायची, सीबीएसला, नाशकातल्या मोठ्या एसटी स्टँडवर, जायचं आणि सटाण्याची गाडी धरायची. सोबत कुणी नको, आधी कळवायला नको. भावडबारीचा घाट ओलांडला की माझी जीभ आपोआप अहिराणीकडे वळायची, आणि आक्काच्या दारात मी बाई नसायचे, मास्तरीण नसायचे, तिची धाकटी बहीण असायचे.

बारसं छान झालं. परतताना भाच्याने मला जीपने नाशिकला आणून सोडलं, कारण सटाण्याला उतरताना मी दाराचे दोन्ही दांडे धरून अशी काही लटकले होते की त्याच्याच्याने ते बघवलं नाही.

त्यानंतर मी सटाण्याला जाणं थांबवलं. 'थांबवलं' असं मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. उन्हाळा कडक आहे, पाऊस लागलाय, घरी पाहुणे आहेत, अशी दर वेळी कारणं निघत गेली. आक्काचा फोन आला की मी म्हणायचे, "येईन गं, बघते."

घरातही बारीकसारीक बदल होत गेले. पूजा पाटावर बसून व्हायची, ती उभ्याने व्हायला लागली. भाजी निवडायला मी खाली बसायचे, तिथे डायनिंगची खुर्ची आली. संडासात कमोड बसवून घेतला. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून भाजीवाली वर यायला लागली. पूर्वी मी संध्याकाळी गोदावरीकाठी, गंगाघाटावरच्या बाजारात जाऊन दहा ठिकाणी भाव विचारून भाजी आणायचे. आता ती भाजीवाली जे देईल ते गोड मानून घ्यायचे. बाहेर पडलंच तर आमचे हे माझा दंड धरून चालायचे. स्वभावाने ते प्रेमळ आणि घाबरट, दोन्ही. रस्त्यात खड्डा दिसला की माझ्याआधी तेच थांबायचे.

"अगं, जपून. वय झालं आता आपलं," ते म्हणायचे.

मलाही ते पटायचं. वय झालं की पाय जातात. माझ्या आईचे गेले होते, सासूबाईंचे गेले होते. त्यात विशेष काय?

मग एका सकाळी मी न्हाणीघरात पडले. आंघोळ झाली होती. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच दगडावर घासत होते. आयुष्यभर पाय असाच घासला होता. तोल जातोय हे कळलं तोवर मी खाली होते. नशीब असं की बादलीला धरून घसरत खाली आले, धाडकन आपटले नाही. हात हलवून बघितला, पाय हलवून बघितला. काही मोडलं नव्हतं.

पण मला उठता येईना.

आवाज ऐकून हे दाराशी आले. "काय झालं? अगं, काय झालं?"

"काही नाही. पडले. लागलं नाहीये."

"दार उघड."

दाराची कडी वर होती. मी खाली. ती कडी मला इतक्या उंचावर कधी दिसली नव्हती. हे बाहेरून म्हणायला लागले, "थांब, शेजारून कुणाला तरी बोलावतो, दार तोडू." अंगावर ओला परकर, शेजारचे लोक आणि तुटलेलं दार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी आतून ओरडले, "कुणाला बोलावलंत तर याद राखा! मी उठतेय."

गुडघ्यांवर आले. आमची बादली लोखंडी होती, पत्र्याची नव्हे, चांगली जाड. तिच्यातलं पाणी ओतून दिलं आणि ती पालथी घातली. दोन्ही हात तिच्यावर टेकले, एक पाय पुढे घेतला, कसंबसं बूड बादलीवर टेकलं. तिथे बसून दम खाल्ला. मग नळाला धरून, भिंतीला धरून उभी राहिले आणि कडी काढली. यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला मात्र, खरं सांगते, रडू येण्याऐवजी राग आला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या न्हाणीत, काहीही मोडलेलं नसताना एका बाईला उठता येत नाही म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी आम्ही हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फोटो काढायला लावले, गुडघे वाकवून बघितले, चालायला लावलं.

"हाडं तुमच्या वयाच्या मानाने बरी आहेत," त्या म्हणाल्या. "गुडघे थोडे झिजलेत, ते सगळ्यांचेच झिजतात. मांड्या मात्र गेल्यात."

"वय झालं ना, डॉक्टर," हे म्हणाले.

"वयाने जातात तेवढ्या जातातच. बाकीच्या यांनी बसून घालवल्यात." मग माझ्याकडे वळून विचारलं, "शेवटचं जमिनीवर कधी बसलात?"

मला आठवेना.

"वय वाढतं तसे पायाचे स्नायू उतरतात, तोल सांभाळणं मंदावतं. पण वापरले नाहीत तर फार लवकर उतरतात. आणि वापरले तर या वयातही परत भरतात. पूर्वीसारखे नाही, पण कामापुरते नक्की."

परत भरतात, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्यांनी मला खालच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे पाठवलं. फिजिओथेरपिस्ट. नुकतीच शिकून आलेली, केसांची उंच शेपटी बांधलेली, बोलायला फटकळ. तिने मला साध्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "हात छातीवर बांधा आणि उभ्या राहा."

मी पुढे झुकले, पुन्हा मागे पडले. पुन्हा झुकले. पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेले.

"काकू, तुम्ही शाळेत होतात ना?"

"हो."

"पोरांना उठाबशा काढायला लावल्या असतील."

"लावल्या असतील," मी म्हटलं. "आता माझी पाळी, असंच ना?"

ती खळखळून हसली आणि मीही. तिथून आमचं जमलं.

तिने शिकवलेलं सगळं घरात करण्याजोगं होतं. भिंतीला टेकवलेली खुर्ची, तिच्यावर दोन उशा. उंचावरून उठायला सोपं जातं. जमलं की एक उशी काढायची. मग दुसरी. मग खुर्चीऐवजी बुटकं स्टूल. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हळू खाली सोडायच्या. ओट्यालाच धरून एका पायावर उभं राहायचं, आधी दोन्ही हात, मग एक हात, मग नुसती बोटं. आणि पॅसेजमधून एका सरळ रेषेत चालायचं, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावून.

हे शेवटचं तिने करून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "हे तर आम्ही बांधावरून चालायचो तसं आहे." दोन वाफ्यांमधला बांध वीतभर रुंद. लहानपणी आक्का आणि मी डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन त्याच्यावरून शेतात जायचो, ती पुढे, मी मागे. ती मुलगी म्हणाली, "मग बांध आहे असं समजा आणि चाला." पहिल्या दिवशी त्या बांधावरून मी तीनदा चिखलात पडले असते.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. मांड्या इतक्या दुखायच्या की रात्री कूस बदलताना कण्हायचे. हे म्हणायचे, "सोड ते. या वयात कशाला अंगाला त्रास?" मी ओट्याशी एका पायावर उभी राहिले की मागे दोन्ही हात पसरून उभे राहायचे, कॅच घ्यायला उभे राहावं तसे. त्यांच्या त्या हातांमुळेच माझा तोल जायचा. एक दिवस मी म्हटलं, "अहो, एक तर तुम्ही समोर या आणि माझ्याबरोबर उभे राहा, नाहीतर पेपर वाचा."

ते समोर आले. एक पाय उचलला आणि लगेच टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटलं ते बघण्यासारखं होतं. माझा दंड धरून मला वर्षभर सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःला एका पायावर दमभर उभं राहता येत नव्हतं. त्या दिवसापासून ते रोज माझ्याबरोबर ओट्याला धरून उभे राहायला लागले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आमचा व्यायाम चालायचा. मोलकरीण यायची, आम्हा दोघांना बगळ्यासारखं उभं बघायची आणि तोंडाला पदर लावून भांड्यांकडे वळायची.

दिवाळीच्या आसपास मला ताप आला आणि सगळं सुटलं. बरी झाले तेव्हा खुर्चीवर पुन्हा एक उशी ठेवावी लागली. फार वाईट वाटलं. पण यावेळी उशी आठवड्यातच निघाली. संक्रांतीला मी स्टुलावरून हात न लावता उठत होते. होळीच्या सुमाराला एका सकाळी मी देवापुढे पाट मांडला आणि खाली बसले. पूजा केली, आरती केली. मग एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढे रोवला, मांडीवर हात ठेवला आणि उभी राहिले. भिंत नाही, खुर्ची नाही, कुणाचा हात नाही. हे दारात होते. त्यांनी आत जाऊन दोघांसाठी चहा ठेवला. लग्नाला पस्तीस-छत्तीस वर्षं झाली होती, त्यांनी आपणहून ठेवलेला तो बहुधा पहिला चहा.

जिने मी आता रोज उतरत होते. भाजीवालीला सांगून टाकलं, माझ्यासाठी वर येऊ नको. पुन्हा घाटावरच्या बाजारात जायला लागले, पुन्हा भाव करायला लागले. तिथला एक म्हातारा मळेवाला म्हणाला, "बाई, लय दिवसांनी? आम्हाला वाटलं गाव सोडलं तुम्ही." मी त्याच्याकडून मेथीच्या दोन जुड्या जास्तच घेतल्या.

मनात एकच गोष्ट ठुसठुसत होती. एसटीची पायरी. इमारतीच्या जिन्याची पायरी ती कितीशी, वीतभर. एसटीची पहिली पायरी म्हणजे जवळजवळ गुडघ्याएवढी. घरात पाटावर पाट ठेवून चढून बघितलं, तर पाट सरकायला लागले आणि यांनी ते उचलून माळ्यावर टाकले. शेवटी एका दुपारी मी पिशवी न घेता सीबीएसला गेले.

दुपारची वेळ, गर्दी कमी. एका बाजूला एक रिकामी गाडी उभी होती. कंडक्टर खाली उभा राहून चहा पीत होता. तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा.

"कुठं जायचंय, आजी? ही पेठला जाते, तिला अजून वेळ आहे."

"मला कुठेच जायचं नाही," मी म्हटलं. "फक्त चढायचंय."

"म्हणजे?"

"चढायचंय आणि उतरायचंय. सराव करायचाय. मागे एकदा मला गाडीत ओढून घ्यावं लागलं होतं."

त्याने चहाचा कप हातात तसाच धरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. वेडी बाई आहे की काय, असं त्याला वाटलं असावं. मग त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. म्हणाला, "माझी आई पण गाडीत चढताना लय घाबरते. चढा की. तिकीट नाय लागत चढायला."

मी साडी थोडी वर खोचली. दांडा धरला. पाय पायरीवर ठेवला, अंग पुढे झुकवलं, त्या मुलीने शिकवलं होतं तसं, नाक गुडघ्याच्या पुढे, आणि टाचेवर जोर दिला. मांडी थरथरली. मग मी वर होते.

मी गाडीत उभी होते आणि बाकड्यांच्या रिकाम्या रांगांकडे बघत होते. खालून तो म्हणाला, "झालं की!"

"एकदा झालं," मी म्हटलं, आणि वळून उतरले. पुन्हा चढले. पुन्हा उतरले. डाव्या पायाने चढून बघितलं. ड्रायव्हर आला, त्याने विचारलं काय चाललंय. कंडक्टर म्हणाला, "प्रॅक्टिस." ड्रायव्हरने मान डोलावली, जणू ही गोष्ट आगारात रोजचीच होती, आणि जागेवर जाऊन बसला. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा मी खाली उभी राहून त्यांना हात हलवला. घामाने ब्लाऊज भिजला होता. घरी मी चालत गेले, रिक्षा केली नाही.

चैत्र उजाडला होता. मी आक्काला फोन केला नाही, भाच्याला कळवलं नाही. पट्ट्याच्या नव्या चपला घातल्या, पिशवीत दोन साड्या आणि चिवड्याची पिशवी टाकली. हे सीबीएसपर्यंत आले. गाडीच्या दाराशी त्यांचा हात सवयीने पुढे आला. मी नुसतं बघितलं. त्यांनी तो खिशात घातला. मी चढले. मागे एक पोरसवदा माणूस होता, तो म्हणाला, "बसा मावशी, जागा आहे पुढं." मला कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. खिडकीतून यांच्याकडे बघितलं तर ते रुमालाने चष्मा पुसत होते.

घाट ओलांडला, देवळा गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची काढणी चालली होती, शेताशेतांत ढीग लागले होते. सटाण्याला मी उतरले, दुसऱ्या गाडीने गावात गेले आणि फाट्यापासून घरापर्यंत चालत गेले.

ओटीवर कुणी नव्हतं. भाचा शेतावर होता. आत भाचेसून स्वयंपाक करत होती, ती मला बघून धावतच आली. "मावशी! कुणासोबत आल्या?"

"एकटी आले. आक्का कुठंय?"

तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काहीतरी ठीक नाही.

आक्का खाटेवर होती. उशाशी तांब्या, पायाशी काठी. मला बघून ती उठून बसली, आणि तेवढंच. खाली उतरली नाही.

"माय व! एकली उनी तू? एस्टीमा?"

"एस्टीमा," मी म्हटलं. "आणि तू अशी का?"

दिवाळीनंतर ती अंगणात पाय घसरून पडली होती. हाड मोडलं नव्हतं. पण मनाने तिने पाय टाकून दिले होते. घरातले सगळे तिला जपत होते. पाणी खाटेवर, ताट खाटेवर, संडासला न्यायला दोन्हीकडून दोघं. मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण आक्कानेच सांगू दिलं नव्हतं. मी लांब, मला काळजी नको.

"मन्हा पाय गयात आते," ती म्हणाली. माझे पाय गेले आता. अगदी शांतपणे म्हणाली, जशी मी वर्षभरापूर्वी म्हणाले असते.

मी तिच्या मांड्यांवरून हात फिरवला. विहिरीतून पाणी शेंदणारी, दिवसभर वाफ्यात उकिडवी बसून कांदा लावणारी ही बाई. लुगड्याखाली आता नुसता सैल पडलेला कातडीचा घोळ हाताला लागला. आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायकांपेक्षा हिचे पाय दणकट होते. चारपाच महिन्यांच्या खाटेने ते संपवले होते.

"आक्का, खाट उंच आहे का ठेंगणी?"

"काय इचारस वं?"

"उंच हवी. विटा आणायला सांगते."

संध्याकाळी भाचा घरी आला तेव्हा मी त्याला खाटेच्या पायांखाली विटा लावायला सांगितल्या. त्याला वाटलं, मावशी प्रवासाने दमली आहे. पण त्याने लावल्या. दुसऱ्या दिवशी आधी तिला तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं, हाडाची खात्री करून घेतली. मग तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काला खाटेच्या कडेला बसवलं, मी तिच्यासमोर उभी राहिले.

"हात छातीवर. नाक गुडघ्याच्या पुढे. ऊठ."

"पडसू ना वं मी!"

"पडलीस तर मी आहे. आणि पडल्यावर उठायचं कसं, तेही मला येतं."

ती उठली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिला रडू आलं आणि मग ती माझ्यावर चिडली. म्हणाली, शाळेतल्या पोरांसारखं मला काय शिकवतेस? मी म्हटलं, "शाळेतली पोरं तुझ्यापेक्षा ऐकायची." भाचेसून दाराआड हसली. आक्काने ते ऐकलं. सुनेसमोर हरायचं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने ओठ मिटले, नाक पुढे आणलं, आणि तिचं ते वाळलेलं अंग खाटेवरून सुटलं. ती उभी राहिली. क्षणभरच, लगेच धपकन बसली. पण उभी राहिली होती, आणि तिचे हात छातीवरच होते.

मी तिथे महिनाभर राहिले. यांना फोन केला तर म्हणाले, "राहा. मला आता भात आणि पिठलं जमतं." रोज सकाळी आक्का आणि मी ओटीच्या खांबाला धरून समोरासमोर उभ्या राहायचो. शेजारच्या बायका आधी बघायला यायच्या, मग त्यातल्याही दोघी-तिघी खांब धरायला लागल्या. विटांचा एक थर निघाला. मग दुसरा. काठी होती, पण आक्का ती खाटेवर विसरायला लागली. नाशिकला परत येताना मी भाचेसुनेला सगळं नीट शिकवून आले. घरातल्यांना निक्षून सांगितलं, तिने मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही.

पुढच्या वर्षी काढणीच्या वेळी मी पुन्हा गेले. भाचेसुनेने दारातच तक्रार केली, "मावशी, तुम्ही काय करून ठेवलं! आता सासूबाई घरात म्हणून टिकत नाहीत. दिवसभर शेतात, नाहीतर कांद्याच्या चाळीत. बायांच्या मागे उभ्या राहतात, पात नीट कापली का बघतात. कुणाला बसू देत नाहीत." बोलताना तिचा चेहरा फुलला होता.

आक्का खरंच शेतावर होती. कांद्याच्या ढिगाशी उभी राहून काढणीच्या बायकांना झापत होती. मला बघून तिचं झापणं थांबलं नाही, नुसता हात वर केला. दुपारी आम्ही सगळे बाभळीच्या सावलीत जेवायला बसलो, खाली, मातीवर. भाकरी, ठेचा, नव्या कांद्याची फोड. जेवण झाल्यावर भाचा उठला आणि त्याने सवयीने आईला हात दिला.

"हात नको," आक्का म्हणाली. एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला आणि उठली. मग मी उठले. काढणीच्या बायकांतली एक म्हणाली, "दोन्ही म्हाताऱ्या लय खमक्या हायेत," आणि सगळ्या हसल्या.

भाच्याने सावलीत स्टूल आणून ठेवलं होतं. आक्काने ते पायाने बाजूला सरकवलं.

"माले बठाले सांगू नका," ती म्हणाली, "चाळ बघानी शे." तिला कांदा साठवायची चाळ बघायची होती, यंदाची नवी, शेताच्या पार पलीकडे. ती निघालीसुद्धा. ऊन चढलं होतं, ढेकळं पायाखाली फुटत होती, आणि ती पदर डोक्यावर ओढून सरळ चालली होती. मी हाक मारली तरी थांबली नाही. तिला गाठायला मला पावलं लांब टाकावी लागली.